नावांची झोळी

दिवा जरा पुढे ओढा, मास्तरीणबाई. भर दुपारी दिवा लावावा लागला म्हणून हसू नका. उत्तरेचा वारा सुटला की आमच्या या चाकोच्या रानात धुळीने दुपारची संध्याकाळ होते. मला काय, दोन्ही डोळ्यांत फूल पडून सात वर्षं झाली. दिवा तुमच्यासाठी आहे. तुम्हाला ती वही हवी आहे ना? चर्चला पासष्ट वर्षं होणार, वही काचेच्या पेटीत ठेवणार, खाली पाटी लावणार. न्या खुशाल. माझ्या उशाखाली वाखाच्या झोळीत आहे. पण नेण्याआधी ऐकून घ्या, आणि ऐकून झालं की माझं एक काम करा. छोटंसंच आहे. तुम्हाला वाचता येतं, मला आता येत नाही.

ती वही आणायला मीच गेलो होतो. बैलगाडी घेऊन मोठ्या नदीच्या धक्क्यावर, जायला चार दिवस, यायला पाच. बरोबर म्हातारा आब्नेर होता. पिठाची पोती, मीठ, रॉकेल, क्विनाइनच्या बाटल्या, आणि पाद्री लूकरसाहेबांनी मागवलेली वही. काळा कातडी पुठ्ठा, आत निळ्या रेघा. वाटेत भिजू नये म्हणून मी ती सदऱ्याच्या आत पोटाशी बांधली होती. धक्क्यावर बोटवाल्याचं पोर आईच्या मांडीवर कण्हत होतं, अंगावर लाल पुरळ. आब्नेरने त्याच्या कपाळावर हात ठेवला, त्याला आपल्या नळीने येर्बाच्या पाल्याचं थंड पाणी पाजलं आणि उरलेलं स्वतः प्यायला. म्हाताऱ्याला पोरांचा फार लळा. तेव्हा आम्हाला कशाचाच काही अर्थ लागला नाही.

लूकरसाहेब वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. उंच, पाठीत वाकलेला, नाकाची सालं कायम निघालेली. आमच्याबरोबर विहीर खणली, आमच्याबरोबर रताळी खाल्ली, मळ्याचे मुकादम आमच्या पोरी ओढायला आले तेव्हा दारात आडवा उभा राहिला. फक्त आमची भाषा त्याच्या जिभेवर काही केल्या बसेना. 'देव तुमच्या पापांची क्षमा करो' म्हणायच्या जागी तो वर्षभर 'देव तुमची खाज घालवो' म्हणत होता. डासांचे दिवस होते, लोक मनापासून 'आमेन' म्हणायचे. तो गोड हसायचा. त्याला वाटायचं, श्रद्धा वाढते आहे.

म्हणून प्रार्थनेआधी रोज सकाळी नावं वाचायचं काम माझ्याकडे होतं. मला अक्षरं येत होती, आणि बाप्तिस्मा घेणारा पहिला मीच. एलिसेओ. हे नाव त्याने दिलं. त्याआधी मला सहा नावं होऊन गेली होती.

तुम्ही शहरातल्या, तुम्हाला आमचं जुनं माहीत नसणार. आमच्यात माणूस मेलं की दिवस मावळायच्या आत त्याला पश्चिमेला पुरायचं, त्याचं खोपट जाळायचं आणि सगळ्या वस्तीने उठून चालू लागायचं. निघताना एक म्हातारी प्रत्येकाच्या कानात नवं नाव सांगायची. कारण नेणारा येतो तो एकालाच घेऊन जात नाही. मागे राहिलेल्या सगळ्यांची नावं आपल्या झोळीत भरून नेतो. मग सवडीने परत येतो आणि एकेक नाव काढून हाक मारतो. जो ओ देईल तो त्याचा. नाव बदललेलं असलं, कुणी ओ दिली नाही, की तो रिकाम्या हाताने निघून जातो. मेलेल्याचं नाव तर कुणी तोंडातून काढायचंच नाही. मग ते नाव आपोआप सगळ्यांच्या डोक्यातून झिजून जातं.

माझी बायको साप चावून गेली तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती. मी खोपट जाळलं, नाव बदललं, पोरीला पाठीला बांधून चालू लागलो. दोन वर्षांनी एका दुपारी पाण्याच्या कडेला बसलो होतो आणि बायकोचं नाव आठवेना. अजूनही आठवत नाही, बाई. तिचं हसणं आठवतं, पायावरचा भाजल्याचा डाग आठवतो, नाव नाही. त्या दिवशी मी फार रडलो, आणि म्हटलं, बस्स झालं हे पळणं. त्याच सुमारास लूकरसाहेब भेटला. त्याच्याकडे नाव लिहून ठेवायची सोय होती. लिहिलेलं कोण पुसणार? पोरीचं नाव नोएमी ठेवलं, आणि ते जन्मभर राहणार म्हणून मी सुखाने झोपलो.

सासू मात्र चर्चच्या आत कधी आली नाही. दाराबाहेर बसून वाख वळायची आणि टोमणे मारायची. तिची अकरा नावं झाली होती. तेव्हा लोक तिला वाळकी शेंग म्हणत. पाद्री तिला रोज प्रेमाने विचारायचा, "आजी, तुझं नाव काय?" ती म्हणायची, "कुठलं सांगू? सकाळचं की संध्याकाळचं?"

नव्या वहीत मी बावन्न नावं सुबक अक्षरांत उतरवली. पहिलं माझं, शेवटचं नोएमीचं, कारण तिचा बाप्तिस्मा सगळ्यात उशिरा झाला. त्या रविवारी लूकरसाहेबाने वही दोन्ही हातांनी वर धरली आणि मला म्हणाला, "एलिसेओ, यांना सांग, अशीच एक वही स्वर्गात आहे. जीवनाचं पुस्तक. त्यात तुमची नावं आहेत."

आमच्या भाषेत पुस्तकाला शब्द नव्हता. ज्यात नावं ठेवतात अशा वस्तूला एकच शब्द होता. मी तरुण होतो, स्वतःवर खूश होतो. मी मोठ्याने म्हणालो, "आता तुमची सगळ्यांची नावं नावांच्या झोळीत आहेत."

बायांनी पोरं पोटाशी ओढली. बाहेरून सासूचा आवाज आला, "कुणाच्या खांद्यावरची झोळी रे, जावईबापू?"

"काय म्हणाली?" पाद्रीने विचारलं.

"आजीला आनंद झालाय," मी म्हणालो.

मला दुसरा शब्द शोधता आला असता. नवा बनवता आला असता, आमच्या म्हाताऱ्या असे शब्द बनवायच्याच. मी कंटाळा केला. आणि त्यानंतर कितीदा तरी तोच शब्द वापरला गेला, माझ्याच तोंडून.

दुसऱ्या आठवड्यात आब्नेर तापला. अंगभर पुरळ, डोळे लाल. मी लहानपणी मळ्यावर गोवर काढला होता, म्हणून मला तो ओळखता आला. आमच्या लोकांनी तो कधी पाहिला नव्हता. आब्नेर सहाव्या दिवशी गेला. त्याच संध्याकाळी वस्तीतले पुरुष पाद्रीकडे आले. घर जाळू द्या, नावं बदलू द्या, आम्ही निघतो. पाद्रीचे डोळे भरून आले. विटांची घरं नुकतीच उभी राहिली होती, मका हातभर आला होता, विहिरीला गोडं पाणी लागलं होतं.

"एलिसेओ, सांग यांना. या तापात जंगलात गेलात तर वाटेत सगळे मराल. इथे औषध आहे, पाणी आहे. आणि घाबरायचं कशाला? तुमची नावं कुणी बदलू शकत नाही. ती कायमची लिहिली गेली आहेत."

हे सगळं खरं होतं, बाई, हीच तर गंमत. मी शब्दाला शब्द सांगितलं. ऐकणाऱ्यांचे चेहरे मी पाहिले आणि तरी सांगितलं, कारण मलाही जायचं नव्हतं. लोक उठून आपापल्या घरी गेले.

मग रोज एक जाऊ लागलं. कधी दोन. खड्डे खणायला माणसं पुरेनात. सकाळी नावं वाचताना मी गेलेल्यांची नावं गाळायचो. ते पाद्रीच्या लक्षात आलं. तो थकला होता, रात्र रात्र आजाऱ्यांच्या उशाशी बसून त्याचा आवाज गेला होता. म्हणाला, "गाळू नकोस. ते मेले नाहीत. आपल्या आधी पोचलेत, एवढंच. त्यांचीही नावं वाच."

"साहेब, आमच्यात ते उच्चारत नाहीत."

"आमच्यात, तुमच्यात असं आता राहिलंय का?" त्याने माझा हात हातात घेतला. "बायकोचं नाव विसरलास म्हणून किती रडला होतास तू. यांचीही तशीच विसरायची आहेत?"

मी वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेचा वारा सुटला. आजच्यासारखाच. दारं लावली तरी धूळ आत येत होती, दातांत करकरत होती. टेबलावर दिवा लावला, त्याची वात नुसती लालसर दिसत होती. मातीचा, औषधांचा आणि पुरळाचा वास कोंडला होता. बाकांवर अकरा जण असतील, तोंडावर फडकी धरून. मी वाचायला लागलो. जिवंत माणसं ओ देत होती, खोकत, दबक्या आवाजात. मग आब्नेरचं नाव आलं. मी थांबलो. पाद्रीने मान हलवली, वाच.

"आब्नेर."

पश्चिमेच्या भिंतीपलीकडून कुणीतरी घसा खाकरला. आब्नेर नेहमी आधी घसा खाकरायचा.

"ओ..."

बाकांवरचं कुणी हललं नाही. मला वाटलं, वाऱ्याचा आवाज. मी पुढचं नाव वाचलं, रूथचं, तिला चार दिवसांपूर्वी पुरलं होतं. भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला. "ओ..." मग तिचा नवरा. मग त्यांची दोन पोरं, एकापाठोपाठ, घाईघाईने. माझी जीभ थांबत नव्हती. मी थांबायला हवं होतं, पण हात आपोआप ओळीवरून खाली सरकत होता आणि तोंडातून नाव निघत होतं. एकोणीस मेले होते. एकोणीस ओ आल्या.

वही मिटली तेव्हा लूकरसाहेबाचा चेहरा उजळला होता. धुळीत त्याला बाकं नीट दिसत नव्हती. त्याने हलकेच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बघ," तो म्हणाला, "आज सगळे आले."

त्या संध्याकाळी नोएमीचं अंग तापलं.

ती नऊ वर्षांची होती, बाई. पुढचे दोन दात अर्धेच आलेले. आमचं घर चर्चच्या पश्चिम भिंतीला लागून होतं. तिला वहीतला सगळा क्रम पाठ होता. ओ कशी द्यायची ते मीच शिकवलं होतं: पटकन आणि मोठ्याने. जो सगळ्यात मोठ्याने ओ देईल त्याला पाद्री साखरेचा खडा द्यायचा. महिन्यातून वीस दिवस तो खडा तीच घेऊन यायची, आणि निम्मा मला द्यायची, चोखून.

सासू आली, दाराबाहेर नाही, थेट आत. पोरीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली. नवं नाव. ते मलासुद्धा सांगितलं नाही.

"आता ते जुनं काढून टाक," ती मला म्हणाली.

"कुठून?"

"झोळीतून. अजून कुठून? तूच बांधलीस ना गाठ? तूच सोड."

"पुसलं तर ते जाईल, आई. तिच्या आईचं गेलं तसं."

"मेल्या, नाव राहील आणि पोर जाईल, ते चालेल का तुला?" पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "मला माझ्या लेकीचं नाव आठवत नाही. मला काही झालंय का? तिची पोर आहे ना मांडीवर!"

मी दाढीचा वस्तरा घेऊन चर्चमध्ये गेलो. वही उघडली, शेवटची ओळ काढली आणि नाव खरवडायला लागलो. शाई खोलवर मुरली होती. कागदाची लव निघाली, मग कागद पातळ झाला, मग भोक पडलं. खरवडलेला भुगा मी तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो. फुंकून टाकवेना. शेवटी जिभेवर ठेवून गिळून टाकला.

सकाळी जाऊच नये असं मनात आलं. पण मी गेलो नसतो तर पाद्रीने स्वतः वाचलं असतं. म्हटलं, आपणच वाचावं, वही आपल्या हातात राहील. आत सात जण होते. लूकरसाहेबालाही ताप भरला होता, टेबलाला धरून उभा होता. मी फक्त जिवंतांची नावं वाचली. मला अडवायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. शेवटच्या ओळीशी आलो, भोक दिसलं, आणि वही मिटली.

"एलिसेओ," तो हळू आवाजात म्हणाला. "एक राहिलं."

"नाही साहेब. झाली सगळी."

"शेवटचं राहिलं की." तापातही तो हसला, एखाद्या पोराची वस्तू विसरून राहावी आणि ती आपल्याला सापडावी तसा. "आपली नोएमी."

मी त्याच्या तोंडावर हात ठेवायला पुढे झालो होतो. पोचलो नाही. आमचा एक शब्द त्या माणसाला कधी धड म्हणता आला नाही, पण हे नाव त्याच्याच पुस्तकातलं होतं. ते त्याने अगदी स्वच्छ उच्चारलं.

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला. पटकन आणि मोठ्याने, मी शिकवला होता तसा.

"ओ!"

मी धावलो. सासू पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, हात तिच्या तोंडावर घट्ट दाबलेला. तिचे डोळे मी असे कधी पाहिले नव्हते.

"मी धरलं होतं रे..." ती म्हणाली. "तोंड धरून ठेवलं होतं... बोलली नाही ती. माझ्या हाताखाली ओठ हललेसुद्धा नाहीत... तरी..."

दुपारच्या आत माझी मुलगी गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेले सगळे निघाले, आजाऱ्यांना पाठीवर घेऊन. सासू एकेकाच्या कानात नाव सांगत होती. माझ्यापाशी आली तेव्हा मी मान फिरवली.

"नको," मी म्हणालो. "माझं हेच राहू दे. मला बोलावू दे त्याला. मी ओ देईन."

आयुष्यभर मला टोमणे मारले तिने, तेही त्याच सुरात म्हणाली, पण डोळे वाहत होते. "तुला कोण बोलावणार, मेल्या? बोलावणारा तर तूच."

लूकरसाहेब तीन दिवसांनी गेला. शेवटपर्यंत एकच म्हणत होता, "मी फक्त आठवण करून दिली रे." मी त्याला पोरीच्या शेजारी पुरलं. त्याच्यावर राग आला नाही. राग यायला काहीतरी शिल्लक लागतं माणसात.

तेव्हापासून उत्तरेचा वारा सुटला की त्या भिंतीकडून हजेरी सुरू होते. चर्च कधीच पडलं, माझ्या घराला लागून असलेली ती एक भिंत उरली; तुमचं नवं चर्च दोन कोसांवर आहे, पण हजेरी इथेच होते. वाचणारा आवाज माझा असतो, अठ्ठावीस वर्षांचा. दुसऱ्या नावापासून सुरू होते. एकेकाची ओ येते. एकावन्नावर माझा आवाज थांबतो. मग दुसरा एक आवाज, थकलेला, शेवटचं नाव घेतो. आणि ती ओ देते. पहिलं नाव कुणी घेतच नाही, बाई. हजेरी घेणारा स्वतःचं नाव वाचत नाही. मी समोर उभाच असायचो, वाचायची गरज काय?

अठ्ठावन्न वर्षं वाट बघतोय. दोनदा साप चावला, एकदा नदीत बुडालो, परवाच्या हिवाळ्यात छातीत कफ भरला. काही झालं नाही. माझ्या वयाचं कुणी उरलेलं नाही.

आता माझं काम. झोळी सोड, पोरी. वही काढ. दिवा जवळ घे. पहिलं पान, पहिली ओळ. एलिसेओ लिहिलंय. मोठ्याने वाच, बस्स. माझ्या नावाने मला एकदा हाक मार. एवढंच काम आहे.

का थांबलीस?

...नीट बघ. पहिलीच ओळ. बोट फिरव त्यावर. काय लागतं?

भोक? खरवडलेलं?

नाही, पोरी, ते शेवटच्या पानावर आहे. मी एकच नाव खरवडलं होतं. वही उलटी धरली असशील. ...नाही? त्या दिवसापासून वही न उघडता कायम माझ्या डोक्याखाली होती. दुसरा कुणी हात लावलेला नाही. शेवटचं पान काढ. बावन्नावी ओळ. तिथे काय आहे? थांब, वाचू नकोस, नुसतं आहे की नाही ते सांग...

वाचलंस.

श्श... हलू नकोस.

ऐकलंस ना? घाबरू नकोस, ती कुणाचं काही करत नाही. आवाज बघ, अजून नऊ वर्षांचाच आहे.

म्हणजे मला आता कुणीच बोलावणार नाही.

राहू दे. तू असं कर, चुलीमागे डबा आहे, त्यातला साखरेचा एक खडा काढ आणि त्या भिंतीच्या फटीपाशी ठेव. मोठ्याने ओ दिली आहे तिने. सकाळपर्यंत खडा निम्मा झालेला असतो. मुंग्या नेत असतील म्हणशील. पण हा वारा असताना मुंग्या बाहेर पडत नाहीत, पोरी, आणि उरलेला निम्मा ओला असतो.